गोठ्याचे पाणी आणि पाणवनस्पती

न्हाणीच्या मोरीवर अळू लावावे, परसातून वाहणाऱ्या सांडपाण्यावर दोन केळी व चार कर्दळी असाव्यात, ही गोष्ट आपल्याकडे कोणास शाळेत शिकवावी लागली नाही. जुन्या वाड्यांच्या मागील अंगणात ही हिरवी पट्टी हटकून असे. ती राखणाऱ्या आजीबाईंना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु पाणी कोठेतरी मुरले पाहिजे, त्याची दलदल व दुर्गंधी होता कामा नये, आणि त्यातूनच घरच्या अळवाची सोय झाली तर उत्तमच, एवढा विचार त्या योजनेत निश्चित होता. ह्याच जुन्या योजनेला शास्त्राने आता मोठे रूप दिले आहे. गुरांच्या गोठ्यातून निघणारे पाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यातून सावकाश नेऊन शुद्ध करावे, असा उपाय जगात ठिकठिकाणी योजिला जात आहे. गोदाकाठी राहणाऱ्यांना तर हा विषय दाराशीच येऊन ठेपला आहे. ह्या उपायाने काय साधते, काय साधत नाही, आणि तो कोणत्या अटींवर फळास येतो, ह्याचा विचार ह्या महिन्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गोठ्यातील पाणी म्हणजे काय, हे पाहू. ज्या घरी दोन गाई आहेत त्या घरी शेण हाताने उचलले जाते. त्याच्या गोवऱ्या होतात अथवा ते उकिरड्यात जाऊन खत होते. मूत्र खालच्या मातीत किंवा पसरलेल्या पाचटात मुरते. अशा गोठ्यातून नाल्यात जाण्याजोगे पाणी फारसे निघतच नाही. शहराच्या कडेच्या तबेल्याची गोष्ट निराळी. तेथे चाळीस-पन्नास म्हशी एका छपराखाली असतात, खाली फरसबंदी असते, मजूर थोडे व नळ हाताशी असतो. शेण फावड्याने भरून वाहण्यापेक्षा पाण्याच्या जोराने धुऊन काढणे सोपे, असे तेथे साहजिकच ठरते. एक मोठे जनावर दिवसास सुमारे १५ ते २० किलो शेण टाकते. म्हणजे पन्नास म्हशींच्या तबेल्यात रोज ७५० ते १,००० किलो शेण जमते. त्यातील चौथा हिस्सा जरी पाण्याबरोबर गेला, तरी रोज सुमारे दोनशे किलो शेण नाल्याच्या वाटेने नदीकडे निघाले असे समजावे. मूत्र ह्या हिशेबात आम्ही धरलेलेच नाही.

ह्या पाण्यात दोन प्रकारचा दोष असतो. पहिला डोळ्यांना दिसतो व नाकाला कळतो. शेणातील सेंद्रिय द्रव्य पाण्यात कुजू लागले म्हणजे ते कुजविणारे जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. दुसरा दोष दिसत नाही. शेणामुतातील नत्र व स्फुरद ही द्रव्ये पाण्यात विरघळून राहतात. शेतात हीच द्रव्ये पिकाचे अन्न होत. त्यांच्यासाठीच शेतकरी खताची पोती विकत आणतो. पाण्यात ती गेली म्हणजे तेथेही पीकच वाढवितात, मात्र ते शेवाळाचे व केंदाळाचे असते. म्हणून गाळ खाली बसून पाणी नितळ दिसू लागले म्हणजे ते शुद्ध झाले, असे मानण्यात मोठी चूक होते. गाळ बसला तरी विरघळलेले द्रव्य तसेच पुढे वाहत असते.

ह्याचा पुरावा शोधण्यासाठी नाशिककरांना दूर जावयास नको. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात उतरते, त्या वाटेवर ठिकठिकाणी तिच्या पात्रावर हिरवा गालिचा पसरलेला दिसतो. आपण त्यास पानवेली म्हणतो. अन्यत्र जलपर्णी किंवा केंदाळ म्हणतात. जांभळ्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली, आणि पुढे तिने तेथील खाड्या व भातशेते अशी व्यापिली की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी खास कायदा करावा लागला. अनुकूल पाणी मिळाले तर ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. आणि अनुकूल पाणी म्हणजे कोणते? तर ज्यात नत्र व स्फुरद विपुल आहे ते. पुराच्या दिवसांत सायखेड्याच्या पुलाला अडकणारे पानवेलींचे ढीग म्हणजे शहराने व गावांनी वर्षभर नदीत सोडलेल्या खताची पावतीच होय. ह्यात शहराच्या मैलापाण्याचा वाटा मोठा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सगळा दोष गोठेवाल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण गोठ्यांचा वाटा आहे, आणि तो कमी करणे तुलनेने सोपे आहे, म्हणून त्याचा विचार अगोदर करावयाचा.

नदीखेरीज विहिरींचाही प्रश्न आहे. उघड्या खड्ड्यात साठलेल्या गोठ्याच्या पाण्यातील नत्र जमिनीत मुरता मुरता नायट्रेटचे रूप घेते आणि भूजलात उतरते. त्यास रंग, वास किंवा चव नसते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी भारतीय मानक संस्थेची मर्यादा आहे. ह्याहून फार अधिक नायट्रेटच्या पाण्यात कालविलेले वरचे दूध तान्ह्या मुलास दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होऊन अंग निळसर पडते. पाणी उकळल्याने हा दोष जात नाही. उलट पाणी आटल्याने तो किंचित वाढतो. ज्या घरांत विहिरीचे पाणी पितात व शेजारी गोठा आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी त्या पाण्याची परीक्षा करवून घ्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आता उपायाकडे वळू. पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करवून घेण्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत कॅटे झायडेल नावाच्या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात माक्स प्लांक संस्थेत केला. तळ्याकाठी उगवणारे लव्हाळ्याच्या जातीचे उंच गवत घाण पाण्यात लावून तिने प्रयोग केले, आणि १९६१ च्या सुमारास गुरांच्या सांडपाण्यावरही ते करून पाहिले. पुढे आयर्लंडात, वॉटरफर्ड परगण्यातील ॲन नदीच्या खोऱ्यात, रोरी हॅरिंग्टन ह्यांच्या पुढाकाराने अनेक शेतकऱ्यांनी गोठ्याच्या अंगणातील पाणी एकाखाली एक अशा उथळ तळ्यांतून सोडण्याची योजना केली. आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, ‘फायटोरिड’ नावाची पद्धत सिद्ध केली आहे. तीत खडी व गोटे भरलेल्या हौदात कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडे लावून त्यांच्या मुळांमधून मैलापाणी वाहविले जाते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील आवारात ह्या पद्धतीचे केंद्र उभारले गेले. ते मैलापाण्यासाठी होते. परंतु तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

ते तत्त्व समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. लोकांस वाटते की झाड घाण पिऊन टाकते व प्रश्न मिटतो. वस्तुतः पाणथळ वाफ्यातील मोठे काम झाडे करीत नाहीत. ते त्यांच्या मुळांच्या आश्रयास राहणारे सूक्ष्म जंतू करतात. मूत्रातील युरियाचा प्रथम अमोनिया होतो. मुळे आपल्या पोकळ देठांतून थोडा प्राणवायू खाली नेतात. त्या प्राणवायूच्या साहाय्याने काही जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात. मुळांपासून दूर, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्रेटचा नत्रवायू करून त्यास हवेत सोडून देतात. अशा रीतीने नत्राचा बराच भाग निरुपद्रवी होऊन हवेत जातो. झाडे स्वतः जे नत्र घेतात ते ह्याव्यतिरिक्त.

स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. त्यास हवेत जाण्याची वाट नाही. ते मातीतील लोह व चुना यांना चिकटून बसते, अथवा झाडाच्या अंगात शिरते. माती काही वर्षांनी भरून जाते व पुढे घेईनाशी होते. राहिले झाड. झाड जिवंत व वाढते आहे तोवर ते स्फुरद धरून ठेवते. पण ते जून होऊन वाळले, पाने पाण्यात गळून कुजली, की उचललेले बहुतेक सगळे पुन्हा पाण्याच्या स्वाधीन करते. म्हणजे झाड हा पाण्याचा कोठारवाला आहे. माल वेळेवर कोठारातून हलविला नाही तर तो तेथेच सांडावयाचा. सबंध उपायाचे मर्म आम्हांस येथे दिसते. वनस्पती मळ गोळा करते. तो कापून शेतात पोहोचविणे हे माणसाचे काम आहे, आणि ते कोणी केले नाही तर वाफा लावल्याचे श्रम बव्हंशी वाया गेले.

पानवेलींनी हा धडा आपणांस फुकट शिकविला आहे. त्या नदीतील नत्र व स्फुरद उचलण्यात इतक्या तरबेज आहेत की १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील बिल वुल्व्हर्टन ह्या शास्त्रज्ञाने मिसिसिपी राज्यात त्यांच्याकडून मैलापाणी शुद्ध करवून घेतले. तीच वनस्पती आपल्याकडे नदीस ग्रासते. कारण ती वाढते नदीत, आणि काढली तरी पुष्कळदा काठावरच टाकली जाते. पहिल्या पावसात त्या कुजलेल्या ढिगाचे सत्त्व पुन्हा पात्रात उतरते. शिवाय तिच्या वजनात शेकडा ९० ते ९५ भाग पाणीच असते, म्हणून ती दूर वाहून नेणे खर्चाचे पडते. पाणवनस्पती जेथे राबवावयाची ती गोठ्याच्या दाराशी, बांधलेल्या वाफ्यात, जेथून तिला बाहेर पडता येणार नाही व जेथून शेत जवळ आहे अशा जागी राबवावी. एकदा सत्त्व नदीत गेल्यावर त्यास पुन्हा वर काढणे फार महाग पडते.

आता थोडा हिशेब करू. कारण हिशेबावाचून केलेली शिफारस गृहस्थाश्रमी माणसास उपयोगाची नाही. पाणकणसासारख्या उभ्या पाणवनस्पती वर्षात हेक्टरी २०० ते २,५०० किलो नत्र घेऊ शकतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मध्यम आकडा १,००० किलो धरू. एका हेक्टरात सुमारे १०० गुंठे. म्हणजे एका गुंठ्यास वर्षाला १० किलो नत्र. इकडे एक मोठे जनावर शेण व मूत्र मिळून वर्षाला ४० ते ६० किलो नत्र टाकते. तेव्हा एका म्हशीचे सगळे शेणमूत पाण्यात सोडले आणि ते केवळ झाडांनी उचलावे असे म्हटले, तर तिच्यासाठी चार ते सहा गुंठे जमीन हवी. आणि पन्नास म्हशींच्या तबेल्यास पाच ते साडेसात एकर! नाशिकच्या आसपास एवढी जमीन लव्हाळ्यासाठी कोण देणार? पण तेच शेण अगोदर कोरडे उचलले, मूत्र पाचटात जिरविले, आणि दहावा हिस्साच पाण्यात जाऊ दिला, तर त्याच तबेल्यास २० ते ३० गुंठे पुरतात. जंतूंचे काम जमेस धरले तर त्याहूनही कमी जागेत भागेल. ह्या हिशेबाचा अर्थ उघड आहे. फावडे आणि टोपली ही पहिली शुद्धियंत्रे. वाफा त्यांच्या मागून येतो.

परदेशच्या अनुभवानेही हेच दिसते. उत्तर अमेरिकेत गुरे, डुकरे व कोंबड्या यांच्या सांडपाण्यासाठी केलेल्या अशा पाणथळ वाफ्यांची ६८ ठिकाणांची माहिती एकत्र करून २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात सेंद्रिय मळ सरासरीने शेकडा ६५, तर नत्र व स्फुरद प्रत्येकी शेकडा ४२ इतकेच कमी झालेले आढळले. निम्म्याहून अधिक पोषकद्रव्य पुढे गेलेच. म्हणून वाफ्यातून बाहेर पडलेले पाणी नाल्यात न सोडता बागेस किंवा शेतास द्यावे, हा शहाणपणाचा मार्ग. आणि मळ साठवून ठेवणे हा उपाय नव्हे, हे त्याच देशातील नॉर्थ कॅरोलायना राज्याने पाहिले आहे. जून १९९५ मध्ये तेथील एका मोठ्या वराहपालन केंद्राच्या मळतळ्याचा बांध फुटून सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण नदीत गेली व असंख्य मासे मेले.

कित्येक वाचक म्हणतील की गोबरगॅस केला म्हणजे झाले. गोबरगॅस ही उत्तम गोष्ट आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मळापासून गॅस केला गेला होता. परंतु त्यात शेणातील कर्ब गॅस होऊन जातो. नत्र व स्फुरद मागे राहिलेल्या रबडीत जवळजवळ सगळेच शिल्लक असते. ती रबडी शेतात गेली तर सोने, आणि नाल्यात गेली तर पुन्हा तोच प्रकार.

आता वनस्पती कोणत्या लावाव्यात? पाणकणीस, नळ, कर्दळ, वेखंड आणि वाळा ह्या आपल्याकडील ओळखीच्या व सहज मिळणाऱ्या जाती आहेत. वाळ्याची मुळे खोल जातात व ती काढून विकताही येतात. कर्दळ लवकर वाढते, वरचेवर कापता येते आणि डोळ्यांस प्रसन्न वाटते. पानवेली मात्र, त्या कितीही कामसू असल्या तरी, कोणीही मुद्दाम लावू नयेत. पुरात त्या निसटतात व मग कोणाच्याच हाती राहत नाहीत. अझोल्याविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. तो गुरांचा चारा म्हणून उपयोगी खरा. परंतु त्याच्या पानांत राहणारा सूक्ष्म सोबती हवेतील नत्र घेऊन त्यास देत असतो, म्हणून पाण्यातील नत्र उचलण्याच्या कामी त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. टिकलीएवढ्या तरंगत्या पानांची लेम्ना ही वनस्पती त्या कामी अधिक चांगली. बांगलादेशात मिर्झापूर येथे १९९० च्या सुमारास एका रुग्णालयाच्या सांडपाण्यावर ती वाढवून माशांस खाऊ घालण्याची योजना चांगली चालली. तिला मात्र जवळजवळ रोज जाळीने काढावे लागते.

प्रत्यक्ष काम करू इच्छिणाऱ्यांसाठी क्रम थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, छपराच्या पागोळ्यांचे पाणी वेगळ्या पन्हाळीने बाहेर काढावे. नाशिकचा पाऊस चार महिन्यांत येतो; तो गोठ्याच्या पाण्यात मिसळला तर वाफा वाहून जातो. दुसरी, शेण धुण्यापूर्वी कोरडे उचलावे. गुरांच्या शेणातील स्फुरद बहुतेक सगळे शेणातच असते, म्हणून एवढ्यानेच तो प्रश्न अर्ध्याहून अधिक सुटतो. तिसरी, मूत्रासाठी खाली पाचट, भुसा किंवा वाळलेला पाला पसरावा व तो ओला होताच खताच्या खड्ड्यात टाकावा; कारण नत्राचा जवळजवळ अर्धा भाग मूत्रात असतो. चौथी, धुण्याचे पाणी थेट वाफ्यात न सोडता अगोदर एका टाक्यात बसू द्यावे. घट्ट शेणाने वाफ्याची भोके बुजतात, आणि अमोनिया फार तीव्र असला तर झाडेच करपतात. म्हणून गाळ बसवून व जरूर तर पाणी मिसळून ते सौम्य करावे. पाचवी, वाफा लांबट व उथळ असावा, त्याच्या तळाशी पक्की चिकणमाती किंवा अस्तर असावे, नाहीतर विहिरीचे नुकसान व्हावयाचे. सहावी, झाडे जून होण्यापूर्वी कापावीत. पाणकणीस पाण्याच्या पातळीच्या वर कापावे, नाहीतर त्याच्या देठांत पाणी शिरून ते मरते. कापलेला पाला शेणाबरोबर कुजवून द्राक्षाच्या किंवा भाजीच्या मळ्यास द्यावा. आपल्या देशात स्फुरदाचा खडक फार थोडा आहे व बहुतेक सगळा परदेशांतून येतो; तेव्हा ज्या वस्तूसाठी देश पैसे मोजतो ती गटारात ओतणे कोणत्याच दृष्टीने परवडणारे नाही.

काही गोष्टींविषयी सावध राहिले पाहिजे. उघड्या साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून वस्तीजवळ खडीचा वाफा करावा व पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहू द्यावे. गोठ्याच्या पाण्यावर वाढलेले अळू घरात खाण्यास घेऊ नये. न्हाणीवरचे अळू निराळे आणि हे निराळे. तेथील गवत गुरांस घालावयाचे तर तेही विचाराने. अति नत्राच्या पाण्यावर वाढलेल्या गवतात नायट्रेट साठते व त्याने गुरांना विषबाधा होऊ शकते. हैदराबादेस मूसा नदीच्या मैलापाण्यावर पॅरागवत वाढवून ते शहरातील म्हशींना घालण्याचा व्यवसाय पुष्कळ वर्षे चालत आला आहे. त्यातील काटकसर मनोहर असली तरी त्या पाण्यात कारखान्यांचेही द्रव्य मिसळते, हे विसरता येत नाही.

आणखी एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. पाणथळ जागा मळ शोषतात हे कळल्यावर कोणास वाटेल की आपल्याकडे नांदूरमधमेश्वर आहेच, तेथे सगळे शुद्ध होईल. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे झालेले हे पाणथळ पक्ष्यांचे माहेरघर आहे; रामसर करारान्वये मान्यता मिळालेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून ते जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. तेथे देशोदेशींचे पक्षी हिवाळा काढावयास येतात. गाळाने ते आधीच उथळ होत चालले आहे. त्यास शहराचे मळकुंड समजणे म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत केर टाकण्यासारखे आहे. मळासाठी वाफा वेगळा बांधावा व नैसर्गिक पाणथळास स्वच्छ पाणी पोहोचवावे, हीच रीत योग्य.

कायद्याची बाजूही आता तयार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धालये व गोशाळा ह्यांच्यासाठी २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२१ साली त्या सुधारल्या. पण सूचनांनी शेण उचलले जात नाही. ते मजुराच्या हातांनी उचलले जाते आणि त्याचा रोज कोणीतरी द्यावा लागतो. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी आज गोठा नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे असे त्यांस वाटण्याचा संभव आहे. परंतु सकाळी दारात येणारे दूध त्याच तबेल्यातून येते. एकत्र कुटुंबात दिवसाला तीन-चार लिटर दूध सहज लागते. त्या दुधाबरोबर जे शेणमूत निर्माण झाले त्यातील आपला हिस्सा आपण कधी विचारला आहे काय? भाव दोन पैशांनी कमी असला म्हणजे आपण तिकडे वळतो, आणि तो दोन पैशांचा फरक पुष्कळदा शेण धुऊन नाल्यात सोडूनच पडलेला असतो. मग संध्याकाळी आपणच रामकुंडावर जाऊन पाणी खराब झाल्याबद्दल हळहळतो. जो गवळी शेण कोरडे उचलतो व पाणी वाफ्यात घेतो त्यास थोडा अधिक भाव देणे, हे नदीसाठी केलेले अगदी रोकडे काम होय. आळीतील चार घरांनी मिळून आपल्या गवळ्यास हे विचारले, तर त्यासही त्यात राग मानण्यासारखे काही वाटणार नाही. उलट खताचे गिऱ्हाईक मिळवून दिले तर तो आभारच मानील.

ज्या गोशाळा व पांजरपोळ लोकांच्या देणग्यांवर चालतात त्यांच्या विश्वस्तांनी तर ह्या कामी पुढाकार घेण्यास हरकत नसावी. नाशकात गोरक्षणाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. जागा, जनावरे व सेवाभावी माणसे त्यांच्यापाशी आहेत. दाते नवे छप्पर किंवा चाऱ्याची गंजी देतात. कोणी एखाद्या वर्षी गाळाचे टाके, खडीचा वाफा व तो कापणाऱ्या माळ्याचा वर्षाचा पगार दिला, तर ते दान गाईपर्यंतही पोहोचेल आणि गोदेपर्यंतही. माळ्याच्या पगाराचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला आहे. वाफा बांधण्यास पैसा मिळतो, समारंभही होतो. तो कापण्यास पुढे कोणी नसते, आणि मग दोन वर्षांत त्याचे रान होते.

सिंहस्थाचे पर्व २०२६-२७ साली नाशिकास येत आहे. त्यानिमित्त घाट बांधले जातील, रस्ते रुंद होतील, पात्रातील पानवेली यंत्रांनी काढल्या जातील. ते सर्व व्हावे. परंतु त्या काढलेल्या पानवेलींचे खत होऊन त्या शेतात पोहोचल्या काय, आणि पुढील वर्षी त्यांना पोसणारे पाणी वरच्या अंगास थांबले काय, हे दोन प्रश्न नाशिककरांनी विचारीत राहावे, एवढी आमची विनंती आहे.